कैची उघडली की तोंड बंद

आमच्या दुकानात एक कप होता. पांढरा, काठाले निळी रेघ, खाली तशीच बशी. तो कप मी एकोणीस वर्षं धुतला अन् मग एक दिवस माझ्याच हातानं फोडला. नाना मास्तरांबद्दल सांगायचं म्हणजे त्या कपापासूनच सुरू करावं लागते, कारण कप त्यांचा होता अन् माझा सगळा राग त्या कपावर होता.

मी कुसुम. रायपूरले तात्यापाऱ्यात हरदास टेलर्स आहे, तिथं मी काज-बटण अन् तुरपाई करते. काज म्हणजे बटणाचं घर. मशीनचं नाही, हातचं. तुम्ही म्हणाल, आजकाल हातानं काज कोण करते? कोणी करत नाही, म्हणूनच तर लोक आमच्याकडं येतात. नवा रायपूरचे साहेब लोक तेलीबांध्याची चकचकीत शोरूम सोडून आमच्या गल्लीत येतात, जिथं गाडी लावायले जागा नाही. शोरूमचा कोट अंगावर लटकते, आमचा बसते.

दुकान लहान, पण त्यात पायऱ्या किती ते आम्हालेच माहीत. सगळ्यात वर मास्तर. मास्तर म्हणजे जो कपडा कापते तो. मोठं टेबल त्याचं, वेताची खुर्ची त्याची, चांगला पंखा त्याच्या डोक्यावर. टेप गळ्यात टाकायचा मान फक्त त्याचा. बाकीच्यांनी खिशात ठेवायचा, काम झालं की परत खिशात. त्याच्या खालोखाल कोटाचा कारीगर, त्याची मशीन खिडकीपाशी. मग पँटवाला, मग शर्टवाला, ते आत अंधारात. अन् सगळ्यात खाली, दाराच्या बाजूले दरीवर, म्हणजे सतरंजीवर, मी. चहा याच क्रमानं येते. मास्तरले कप-बशी, कारीगरांले काचेचे गिलास, मले स्टीलचा गिलास, अन् तोवर किटलीत जे उरलं असेल ते. कपडा कापून हातभर तुकडा उरला तर तो मास्तरचा. चिंध्या उरल्या तर माझ्या, झाडायले.

तो कप आमच्या मालकाच्या आजोबांनी पहिल्या मास्तरसाठी आणला होता. मास्तर बदलले, कप तोच राहिला. मी दुकानात आली तेव्हा माझ्या नवऱ्याच्या तेराव्याले महिना झाला नव्हता, अन् पहिल्या दिवशी मले काय शिकवलं? की कप कानाले धरून धुवायचा, बुडाले धरून नाही. मले राग येणार नाही तर काय होणार?

अजून एक नेम होता. कैची उघडली की तोंड बंद. मास्तरनं कपड्यावर कैची टेकवली की दुकानात कोणी बोलायचं नाही, मशिनीही थांबायच्या. कपडा एकदा कापला की कापला, म्हणून असेल. पण होता होता त्याचा अर्थ असा झाला होता की मास्तरले टोकायचंच नाही. कारीगरानं नाही, गिऱ्हाईकानं नाही, मालकानंही नाही.

नानांले हे सगळं फुकटात मिळालं नव्हतं. तेविसाव्या वर्षी ते माझ्याच दरीवर बसले होते, काज करायले. दरीवरून शर्ट, शर्टावरून पँट, पँटवरून कोट, अन् कोटावरून खुर्ची. एकवीस वर्षं लागली. खुर्चीवर सत्तावीस झाली. बुटका माणूस, पांढरा शर्ट, बाह्या दोन वेळा दुमडलेल्या, कानावर खडू. गिऱ्हाईक पायऱ्या चढून येईपर्यंत त्यांनी त्याले मोजलेला असे. "याचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. वर्षानुवर्षं बॅग त्याच हातात असेल." मग माप घ्यावं तर अर्धा इंचच निघे.

बोलणं कमी, अन् जे बोलत ते खवचट. माझी तुरपाई पाहून कधी चांगली म्हणाले नाहीत. "चालते," म्हणत. एकोणीस वर्षांत मले 'चालते'च्या वर बढती मिळाली नाही.

पण मले दुकानात आणलं ते त्यांनीच, हे पण सांगितलं पाहिजे. त्यांच्या बायकोनं, विमलाकाकूंनी, माझ्या हातचं एक पोलकं त्यांले दाखवलं होतं. नानांनी ते उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. म्हणाले, "चालते. उद्यापासून ये." दुसरं कोणी दुकानात बाईले बसवायले तयार नव्हतं. त्यांनी कोणाले विचारलंही नाही, टेप गळ्यात होता ना.

विमलाकाकू सात वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. बुढापाऱ्यात एक खोली, त्यात नाना अन् त्यांचा रेडिओ. दुकान दहाले उघडते, नाना साडेनऊपासून पायरीवर बसलेले. रविवारची सुट्टी त्यांच्या अंगावर येई. सोमवारी चेहरा असा असे की दोन दिवस जेवले नाहीत.

कप फुटायच्या दीड वर्ष आधीची गोष्ट. त्यांचा टेप खाली पडला, मी उचलून दिला. बोटाले काहीतरी लागलं. उलटून पाहते तर मागच्या बाजूनं दर इंचाले दोऱ्याचा एक बारीक टाका, अन् दर पाच इंचाले गाठ. मी नानांकडं पाहिलं. ते माझ्याकडं पाहून राहिले होते, म्हणजे त्यांले तसं वाटत होतं. मी होती त्याच्या हातभर बाजूले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मापाचं पुस्तक मले वाचायले लावायचे, "चष्मा घरी राहिला गं" म्हणून. चष्मा तर कपाळावर असे.

"नाना, मोतीबिंदू आहे तो," मी हळूच म्हटलं. "दवाखान्यात जा. आजकाल अर्ध्या तासाचं काम आहे."

"कोणाले बोलली तर पहा." मग म्हणाले, "अर्धा तास डॉक्टरले, अन् मले पंधरा दिवस घरी. पंधरा दिवसांत खुर्ची जाते, कुसुम. अन् मास्तर खाली उतरत नाही, तुले माहीत आहे."

मले माहीत होतं, कारण त्यांनीच सांगितलं होतं. नानांच्या आधीचे जे मास्तर होते, त्यांचा हात थरथरायले लागला. सकाळी त्यांनी टेप काढून टेबलावर ठेवला अन् दुपारी कैची पेपरात गुंडाळून पायऱ्या उतरले. परत आले नाहीत. एकदा खुर्चीवर बसलेला माणूस मशीनवर बसत नाही, दरीवर तर नाहीच. तो घरी जाते. असा रिवाज. वर्षभरात ते मास्तर गेले. बाकी कोणाले घरी बायका-पोरं होती, नातवंडं होती. नानांच्या घरी काय होतं? रेडिओ.

म्हणून मी मूग गिळून बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुस्तक मी वाचायची. सुईत दोरा मी ओवायची. कपडा पसरला की जाता-येता बोलल्यासारखं बोलायची, "हा काळा नाही हो नाना, निळा आहे." खरं सांगते, कधी कधी इतका राग येई. कप धुवायचा मी, डोळे वापरायचे माझे, अन् चहा मले शेवटाले.

भीती मले एकाच माणसाची होती, भैय्यालालची. तो कोटाचा कारीगर, अभनपूरकडचा छत्तीसगढी माणूस. बावीस वर्षं खिडकीपाशी बसलेला. नानांनंतर खुर्ची त्याची, हे सगळ्यांले माहीत. घुम्या. दिवसभरात दहा शब्द बोलेल तर शपथ. पण नजर सारखी नानांच्या टेबलाकडं. मले वाटे, हा टपून बसला आहे, एक चूक दिसली की धावत मालकाकडं जाईल.

सप्टेंबरात, विश्वकर्मा पूजेच्या आठवडाभर आधी, ऋता नावाची एक पोरगी आली. पोरगी म्हणते, पण छत्तिसेक वर्षांची, मंत्रालयात अधिकारी. तिनं थैलीतून एक कपडा काढला. चॉकलेटी लोकरीचा, चौकड्याचा, मधून बारीक हिरवी रेघ. डांबरगोळीचा वास सगळ्या दुकानात पसरला.

"बाबांनी घेऊन ठेवला होता," ती म्हणाली. "मी दहावीत होते तेव्हा. माझ्या लग्नात याचा कोट घालणार होते. लग्न काही मी केलं नाही, अन् बाबाही गेले. आता म्हटलं, माझाच कोट शिवून घ्यावा. पुढच्या महिन्यात मोठं पोस्टिंग आहे."

नानांनी कपडा चिमटीत धरून चोळला. त्यांचा चेहरा बदलला. "असा कपडा आता येत नाही," म्हणाले. "किती आहे?"

मी मोजला. सव्वादोन मीटर. तिच्या कोटाले लागणार तितकाच, एक बोटही जास्त नाही.

भैय्यालाल उठून आला. "नाना, मार्किंग मैं कर दूँ इसका?"

"टेप कोणाच्या गळ्यात आहे?" नाना म्हणाले. भैय्यालाल परत जाऊन बसला. मले तेव्हा त्याचा राग आला, अन् नानांचाही आला.

ऋतानं एकच गोष्ट मागितली, की कापायच्या वेळेस तिले बोलवावं. बाबांचा कपडा तिले स्वतः कापताना पाहायचा होता. मंगळवारी अकराची वेळ ठरली.

आता जे झालं ते समजायले एक गोष्ट सांगते. साधा कपडा दुहेरी घडी घालून कापतात, म्हणजे कोटाच्या समोरचा डावा-उजवा पल्ला एकदमच निघते. चौकड्याचा तसा कापत नाहीत, खालच्या रेघा सरकतात. तो एकेरी पसरायचा. पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून एक पल्ला आखायचा, मग तोच फर्मा उलटा ठेवून दुसरा. उलटा करायले विसरला तर काय होते? कागदावर डावा पंजा ठेवून पेन्सिल फिरवा. बाजूले परत डावा पंजाच ठेवून फिरवा. पंजे दोन झाले, पण दोन्ही डावेच. लोकरीच्या कपड्याची चांगली बाजू एकच असते, पलटून काम भागत नाही.

मंगळवारी ऋता खुर्ची घेऊन बसली होती. शिशिरभाऊ, आमचे मालक, काउंटर सोडून तिथं उभे. हे चौतीस वर्षांचे, एमबीए केलेले, मराठी सगळं समजते पण बोलतात हिंदीत. नानांनी सकाळी सगळं आखून ठेवलं होतं, मी येण्याच्या आधीच. बहुतेक कोणी पाहू नये म्हणूनच लवकर आले असतील. मी कपात चहा घेऊन टेबलापाशी गेली तेव्हा नानांनी कैची उघडली. मशिनी थांबल्या.

मी कपड्यावर पाहिलं. एक पल्ला आखलेला, गळ्याचा उतार डावीकडं. दुसरा पल्ला आखलेला, गळ्याचा उतार डावीकडं.

फर्मा हाताले लागते, पण खडूची रेघ हाताले लागत नाही. नानांले आपण काय आखलं ते दिसतच नव्हतं. दीड वर्ष मी मूठ झाकून ठेवली होती अन् आता त्या मुठीत एका मेलेल्या बापाचा कपडा सापडला होता. बोलावं तर गिऱ्हाईकासमोर, मालकासमोर, दरीवरची बाई मास्तरले सांगणार की तुम्ही चुकले. मग एकच प्रश्न विचारला गेला असता, काहून चुकले? अन् दुपारी नाना कैची पेपरात गुंडाळून पायऱ्या उतरले असते. न बोलावं तर कैची एक वीत अंतरावर होती.

मी दोन पावलं मागं सरकली, चहा कपड्यावर उडू नये म्हणून. अन् हात सोडून दिला.

कप फरशीवर पडला तेव्हा केवढा आवाज झाला. नानांची कैची तिथंच थांबली.

"काकी, ये क्या किया," शिशिरभाऊ म्हणाले. "दादाजी के टाइम का कप था."

"हात घसरला," मी म्हटलं, अन् खाली बसून तुकडे वेचायले लागली. तुकडे नानांच्या पायापाशी गेले होते. तिथं सरकली अन् तोंड वर न करता, ओठांतल्या ओठांत बोलली, "नाना, फर्मा उलटवला नाही. दोन्ही पल्ले डावे आहेत."

नाना वाकले, मले मदत केल्यासारखे. त्यांचा हात तुकड्यांवरून फिरत माझ्या पायावर आला. पाय ओला होता, पदराचं टोक ओलं होतं. चहा आत्ताच गॅसवरून उतरलेला.

"भाजलं?"

"नाही."

"खोटं बोलू नको."

"थोडंसं. तुम्ही आता म्हणा, मन उडालं, उद्या कापू. मी दुपारी खडू झाडून टाकते."

वाट मी करून दिली होती. आयती वाट. त्यांनी म्हणायचं होतं, बस. कोणाले काही समजलं नसतं. नाना तसेच वाकून राहिले, एक हात माझ्या पायावर. मग उठले अन् कैची मिटून टेबलावर ठेवली.

"ताई," ते ऋताले म्हणाले, "तुमचा कपडा वाचला. मी दोन्ही पल्ले डावे आखले होते. मले दिसत नाही. दीड वर्ष झालं. मी कोणाले सांगितलं नाही, ही माझी चूक. हिनं मुद्दाम कप फोडला म्हणून कैची थांबली."

मले वाटलं, आता भैय्यालाल उठेल. तो उठलाच. टेबलापाशी आला अन् मान खाली घालून उभा राहिला.

"मेरे को मालूम था, नाना," तो म्हणाला. "पिछली दिवाली से. एक सूत, दो सूत का फरक आता था, मैं सिलाई में निकाल लेता था."

आतून पँटवाला खाकरला. "पँट में हम भी," म्हणे.

बाई गं. म्हणजे मी एकटीच मूठ झाकून बसली नव्हती, सगळं दुकान बसलं होतं. अन् ज्याले मी गिधाड समजून राहिली होती, तो वर्षभर दुसऱ्याच्या चुका उसवून शिवत होता, एका शब्दानं न बोलता. नजर टेबलाकडं असे ती याच्यासाठी. मले माझीच लाज वाटली.

नाना खुर्चीत बसले. बसले म्हणजे काय, अंगातली हवा निघून गेल्यासारखे बसले. अन् हसायले लागले. मी त्यांले असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसले अन् गळ्यातला टेप काढून भैय्यालालपुढं धरला.

भैय्यालालनं हात मागं घेतला. "ऐसे नहीं चाहिए."

"कसा पाहिजे मग, ताटात?" नाना म्हणाले, अन् त्याले खाली वाकवून टेप त्याच्या गळ्यात टाकला. "काप. मी बाजूले उभा राहतो."

सगळ्यांनी ऋताकडं पाहिलं, कारण कपडा तिचा. तिनं कपड्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "कापा भैया. फक्त नाना इथंच थांबले पाहिजेत."

भैय्यालालनं खडू झाडला, फर्मा उलटवून नव्यानं आखलं, रेघेले रेघ जुळवली. नाना बाजूले उभं राहून सांगत होते, काखेत पाव इंच सोड, बाईमाणसाचा कोट आहे, काजपट्टी उजवीकडं. कैची चालली. शेवटचा पल्ला सुटला तेव्हा ऋतानं तो उचलून छातीशी धरून पाहिला अन् मग डोळ्याले लावला.

ती गेल्यावर मी पाय नळाखाली धरून परत आली तर काय पाहते, नाना आपला डबा, चष्म्याचं घर, रुमाल, सगळं थैलीत भरून राहिले होते. कैची पेपरात गुंडाळली होती. मले दोनदा विचारायची गरज पडली नाही.

मी सरळ काउंटरवर गेली. माझं टाळकं फिरलं की फिरलं. "शिशिरभाऊ, तुमचा रिवाज तुम्हालेच लखलाभ. नाना जातात तर माझी दरीपण गुंडाळा. अन् मग हातचं काज कोण करते ते शोधा साऱ्या रायपुरात. लग्नाचे अकरा कोट पडले आहेत आत."

शिशिरभाऊ मोबाईलमधून डोकं वर काढून माझ्याकडं पाहायले लागले. "नाना जा रहे हैं? कहाँ?"

"कहाँ म्हणजे? घरी. मास्तर उतरला की घरी जाते. तुमच्या आजोबांचा रिवाज आहे."

"कौन सा रिवाज?"

मी सांगितला. आधीच्या मास्तरांचं सांगितलं, पेपरातली कैची सांगितली. ते ऐकत होते अन् त्यांचा चेहरा एखाद्या परीक्षेत न शिकवलेला प्रश्न आल्यासारखा झाला होता.

"काकी, मेरे को तो किसी ने बताया ही नहीं," ते म्हणाले. अन् उठून नानांपाशी गेले, त्यांच्या हातातली थैली काढून घेतली. "नाना, आप चले जाओगे तो कॉलर का हाथ का काम कौन देखेगा? ऑपरेशन करवाओ पहले. फिर जहाँ बैठना है, बैठो."

नाना थैलीच्या जागी रिकामा हात धरून उभे राहिले. दीड वर्ष ज्या नेमाच्या भीतीनं त्यांनी टेपले गाठी मारल्या, सुई माझ्याकडून ओवून घेतली, रात्र रात्र डोळ्याले डोळा लागला नाही, तो नेम मालकाले माहीतच नव्हता. आजोबा गेले तेव्हाच तो गेला होता. त्याले जिवंत ठेवून राहिलो होतो आम्हीच. रागानं हसू का हसून रडू, मले समजेना. माझा मात्र जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी स्टीलच्या गिलासातला गार चहा प्यायली अन् तो मले गोड लागला.

ऑपरेशन दसऱ्यानंतर झालं, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. शिशिरभाऊ स्वतः गाडीनं घेऊन गेले. मधल्या दिवसांत डबा मी पोचवायची अन् थेंब भैय्यालाल टाकायचा. मग तो अन् नाना रेडिओ ऐकत बसत.

नाना दुकानात परत आले तेव्हा लग्नसराई तोंडावर होती. पायऱ्या चढले, दारात थांबले, माझ्याकडं नीट पाहिलं. डोळ्यात डोळा घालून, हातभर बाजूले नाही.

"तू म्हातारी झाली गं," म्हणाले.

"तुम्ही दीड वर्षानं पाहून राहिले ना," मी म्हटलं.

भैय्यालाल खुर्चीवरून उठला अन् टेप काढायले लागला. नानांनी हातानंच त्याले बस म्हटलं. "राहू दे. दीड वर्ष मी झोपेतही कपडा कापत होतो. आता जरा झोप लागून राहिली आहे, कायले मोडू?" अन् चपला काढून माझ्या दरीवर येऊन बसले. कॉलरचा एक तुकडा घेतला, सुई उजेडात धरली अन् पहिल्या झटक्यात दोरा ओवला. मग मले दाखवला, लहान पोट्ट्यासारखा.

आता कोणाले वाटेल की दुकानात रामराज्य आलं. तसं काही नाही. खुर्ची अजून मास्तरचीच आहे, पंखाही. आत अंधारही तेवढाच आहे. फक्त कप गेला. पंधरा दिवस कोणी नवीन आणला नाही, भैय्यालाल गिलासात प्यायले लागला, अन् मग नवीन आणायचं राहूनच गेलं. अन् दरीवर माझी जागा निम्मी झाली, कारण नाना पाय पसरून बसतात.

चहा पिताना एकदा म्हणाले, "खरं सांग. हात सोडला तेव्हा बरं वाटलं ना तुले? एकोणीस वर्षांचा राग होता."

"हव," मी म्हटलं. खोटं कायले बोलू?

त्याच दुपारी भैय्यालालनं एका नवरदेवाचा कपडा टेबलावर पसरला. चौकड्याचाच, करडा. एकेरी घातला, फर्मा ठेवला, आखला, कैची उघडली. मशिनी थांबल्या. मी सवयीनं तोंड मिटलं अन् सुई जागच्या जागी धरून बसली. पण कैची चालल्याचा आवाज येईना. मान वर केली तर भैय्यालाल माझ्याकडं पाहून राहिला होता.

"कुसुम दीदी," तो म्हणाला, "एक बार देख लो."

मी बसूनच राहिली. मले वाटलं चहा मागून राहिला. नानांनी कोपरानं ढोसलं. "ऊठ. तुले बोलावून राहिला."

मी उठली. त्या टेबलापाशी मी हजारदा गेली असेल, पण दर वेळेस हातात कप-बशी. आज हात रिकामे होते, कुठं ठेवावे समजेना, म्हणून टेबलाच्या काठावर ठेवले. कपड्यावर पाहिलं. एक पल्ला डावा. दुसरा, गळ्यापासून खालपर्यंत बोट फिरवून पाहिला, उजवा. रेघेले रेघ लागलेली. सगळं दुकान गप्प होतं अन् माझ्या बोलण्याची वाट पाहून राहिलं होतं.

"चालते," मी म्हटलं. "काप."